ऑफिसातला डेटा वाढतोय? साठवणीचा डबा घेण्याआधी 'पुढे वाढणार कसा' ते विचारा

मलकापूर (ता. कराड) : पुणे-बंगळूर महामार्गाला लागून असलेल्या मलकापूर, आगाशिवनगर परिसरात दवाखाने, लॅब, फोटो स्टुडिओ, पतसंस्था, ट्रान्सपोर्टची ऑफिसं आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांची कार्यालयं वाढली. त्यांच्यासोबत डेटाही वाढला. सुरुवातीला सगळं एका पीसीत मावतं. मग एक बाहेरची हार्ड डिस्क येते, मग दुसरी. तीन-चार वर्षांत ड्रॉवरमध्ये मार्करने वर्षं लिहिलेल्या सहा-सात डिस्क साठतात आणि २०२२ ची फाईल नेमकी कुठल्या डिस्कमध्ये आहे हे एकाच पोराला माहीत असतं. त्यातली एक डिस्क टेबलावरून पडली की ते वर्षच गेलं.

अशा वेळी कॉम्प्युटरवाला 'नॅस घ्या' म्हणतो. नॅस म्हणजे नेटवर्कला जोडलेला, दोन-चार किंवा जास्त हार्ड डिस्क बसणारा डबा. राउटरच्या किंवा स्विचच्या वायरीला जोडला की ऑफिसातले सगळे पीसी त्यावरच फाईल ठेवतात. सिनॉलॉजी, क्यूनॅप, टेरामास्टर, असुस्टोर ही त्यातली नेहमीची नावं. डिस्क जिथे सरकवून बसवायची त्या खणाला दुकानदार 'बे' म्हणतात. म्हणून टू-बे, फोर-बे.

बहुतेक जण आज किती टेराबाइट लागतात एवढंच सांगून डबा घेतात आणि दोन वर्षांत अडकतात. डबा भरला की दोन खणांत तिसरी डिस्क बसत नाही, आणि मग सगळा डेटा उचलून नव्या डब्यात न्यावा लागतो.

आधी मोजा

मलकापूर राज्यभर ओळखलं गेलं ते मीटरवर चोवीस तास पाणी देणारं गाव म्हणून. वापर मोजला की गळतीही दिसते आणि टाकी केवढी हवी तेही कळतं. डेटाचंही तसंच आहे. गेल्या बारा महिन्यांत किती भर पडली, हे फोल्डरवर राईट क्लिक करून वर्षवार पाहता येतं. त्याला पाच मिनिटं लागतात, पण खरेदीआधी हे करणारे थोडेच.

धंद्याप्रमाणे आकडे फार वेगळे निघतात. समजा लग्नाचं शूटिंग करणारा स्टुडिओ आहे. फोर-के व्हिडिओ सेकंदाला १०० मेगाबिटने घेतला तर तासाला ४५ जीबी होतात. दोन कॅमेरे पाच तास चालले की ४५० जीबी. त्यात २५ एमबीचे तीन हजार रॉ फोटो म्हणजे आणखी ७५ जीबी. एका लग्नाला अर्धा टेराबाइट धरला तर चाळीस लग्नांच्या हंगामाला वीस टेराबाइट लागतात. इथे डबा मोठा घेण्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा : अल्बम आणि फिल्म दिल्यावर कच्चं शूटिंग किती दिवस ठेवायचं? ऑर्डरच्या कागदावरच 'सहा महिन्यांनंतर कच्चं फुटेज ठेवलं जाणार नाही' अशी ओळ छापून गिऱ्हाइकाची सही घेतली तर निम्मा खर्च वाचतो.

सीसीटीव्हीचा हिशोब सरळ आहे. एका कॅमेऱ्याला सेकंदाला २ मेगाबिट धरले तर दिवसाला २१.६ जीबी. आठ कॅमेरे, तीस दिवस : साधारण ५.२ टेराबाइट. पण हे रेकॉर्डिंग जुनं पुसत नवं लिहितं, म्हणजे ते वाढत नाही. त्याला स्वतःचा एनव्हीआर आणि स्वतःची डिस्क असलेली बरी. कामाच्या फायलींच्या डब्यात चोवीस तास लिहिणारे कॅमेरे घातले की डबा मंदावतो. शिवाय सिनॉलॉजीत साधारणपणे दोन कॅमेऱ्यांचं लायसन सोबत येतं, पुढच्या प्रत्येक कॅमेऱ्याला वेगळे पैसे.

आणि ज्यांचं काम फक्त टॅली, बिलं आणि एक्सेलवर आहे? बहुतेक छोट्या संस्थांचं दहा वर्षांचं टॅली एका चांगल्या पेनड्राइव्हवर मावतं. अशांनी आठ टेराबाइटचा डबा घेणं म्हणजे दोन पोती धान्यासाठी गोदाम बांधणं. त्यांना जागा कमी पडत नसते, बॅकअप नसतो. चालू हिशोब पीसीच्या एसएसडीवरच ठेवावा, रोज रात्री त्याची प्रत साध्या दोन-खणी नॅसवर जावी. तेवढं पुरतं.

वाढवायचे तीन रस्ते

पहिला रस्ता रिकामा खण. आज दोन डिस्क लागत असतील तर चार-खणी डबा घ्यायचा, दोन खण मोकळे ठेवायचे. रिकाम्या खणाला हार्ड डिस्कच्या मानाने किरकोळ पैसे पडतात. दोन-खणी आणि चार-खणी डब्यातला फरक आज खटकतो, पण नंतर सगळं बदलण्यापेक्षा तो स्वस्तच पडतो. वाढणाऱ्या धंद्याने दोन-खणी डबा मुख्य साठवणीसाठी घेऊच नये. दुसऱ्या जागी बॅकअपला तो उत्तम.

दुसरा रस्ता डिस्क बदलण्याचा. चार टेराबाइटच्या डिस्क काढून आठच्या घालायच्या, एकेक करून. इथे दुकानात न सांगितली जाणारी मेख आहे. नेहमीच्या रेड-५ पद्धतीत सगळ्यात लहान डिस्कच्या मापानेच बाकीच्या धरल्या जातात. चारपैकी तीन डिस्क आठच्या केल्या तरी जागा एक बाइटही वाढत नाही. चौथी बदलल्यावरच वाढते. सिनॉलॉजीची एसएचआर पद्धत लहानमोठ्या डिस्क एकत्र चालवते : चार टेराबाइटच्या चार डिस्कमधून १२ मिळतात, त्यातल्या दोन आठच्या केल्या की लगेच १६ होतात. जसे पैसे येतील तशी एकेक डिस्क घेणाऱ्यांना हे सोयीचं. मात्र एसएचआर सिनॉलॉजीच्या सगळ्याच मॉडेलांवर नसते, विचारून घ्यावं.

तिसरा रस्ता जोड-डबा, म्हणजे एक्स्पान्शन युनिट. सिनॉलॉजीचा डीएस९२३ प्लस हा चार-खणी डबा डीएक्स५१७ हा पाच-खणी जोड लावून नऊ खणांचा होतो. पाच-खणी डीएस१५२२ प्लसला असे दोन जोड लागतात आणि पंधरा खण होतात. सगळ्याच मॉडेलांना जोड लागत नाही, आणि स्वस्त मॉडेलांना बहुधा लागतच नाही. शिवाय मुख्य डब्यातल्या आणि जोडातल्या डिस्क मिळून एकच साठा बनवला, आणि मधली केबल झाडूने हलली किंवा जोडाची वीज गेली, तर सगळा साठाच कोलमडू शकतो. जोडावर वेगळा साठा बनवावा आणि दोन्ही डबे एकाच यूपीएसवर असावेत.

जुना डबा सेकंडहँड मिळत असेल तर एक गोष्ट बघून घ्यावी. जुन्या ३२ बिट मॉडेलांवर एक व्हॉल्यूम १६ टेराबाइटच्या पुढे जात नाही, डिस्क कितीही मोठ्या घातल्या तरी.

जुन्या पीसीवर ट्रूनॅस हे फुकटचं सॉफ्टवेअर टाकून नॅस बनवणारेही आहेत. ते भक्कम आहे. पूर्वी त्यात चालू गटाला एकच डिस्क जोडून जागा वाढवता येत नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ओपन-झेडएफएस २.३ पासून ते जमतं. पण ऑफिसात ते समजणारा माणूस हवा. बसवून देणारा पोरगा पुण्याला नोकरीला गेला की तो डबा कुलूपबंद तिजोरीसारखा होतो.

रेड म्हणजे बॅकअप नव्हे

रेड ही कल्पना अमेरिकेत बर्कले विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ च्या शोधनिबंधात मांडली. अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधायच्या आणि एखादी मेली तरी काम थांबू द्यायचं नाही. रेड-१ मध्ये दोन डिस्कवर एकच गोष्ट लिहिली जाते. रेड-५ मध्ये एका डिस्कएवढी जागा सुरक्षेला जाते, रेड-६ मध्ये दोन डिस्कएवढी. चार टेराबाइटच्या चार डिस्क असतील तर रेड-५ मध्ये १२ आणि रेड-६ मध्ये ८ टेराबाइट हाती येतात. स्क्रीनवर त्याहूनही कमी दिसतील, चारच्या जागी ३.६४ वगैरे. ती फसवणूक नसते. कंपनी हजाराने मोजते, कॉम्प्युटर १०२४ ने.

डिस्क मोठ्या असतील तर रेड-६ कडेच झुकावं. मेलेली आठ टेराबाइटची डिस्क बदलली की नवी भरून निघायला सेकंदाला २०० एमबीचा वेग धरला तरी अकरा तास जातात, आणि ऑफिसचं काम चालू असेल तर त्याच्या दुप्पट-तिप्पट. त्या वेळात उरलेल्या डिस्क जीव खाऊन फिरत असतात आणि त्या मेलेलीच्याच वयाच्या असतात. रेड-५ मध्ये तेव्हा दुसरी गेली की सगळं गेलं.

पण चुकून पुसलेली फाईल रेड परत देत नाही. व्हायरस, चोरी, आग, पूर यांतलं काहीच रेड अडवत नाही. दक्षिण कोरियात डेजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरला २६ सप्टेंबर २०२५ रोजी आग लागली. जी-ड्राइव्ह या कर्मचाऱ्यांच्या साठवणीतला ८५८ टेराबाइट डेटा गेला, कारण साठा फार मोठा म्हणून त्याची बाहेर प्रतच नव्हती. आपल्याकडे मंत्रालयाला २१ जून २०१२ रोजी आग लागली तेव्हा फायली जळाल्या.

म्हणून जागेवरची साठवण घेताना बजेटचे दोन भाग करावेत : एक मुख्य डबा, दुसरा दुसऱ्या गावातला. पैसे कमी असतील तर मुख्य डबा लहान घ्यावा, पण दुसरा सोडू नये. सगळं क्लाउडवर टाकू म्हणणाऱ्यांनी अपलोडचा वेग पाहावा. सेकंदाला २० मेगाबिटने एक टेराबाइट चढायला साडेचार दिवसांहून जास्त लागतात. हिशोब, करार, रिपोर्ट असा हलका पण जीवाचा डेटा क्लाउडवर, आणि जड डेटा दुसऱ्या डब्यावर, हे जमतं.

दुसरा डबा कुठे? कराडच्याच नदीकाठच्या नातेवाइकाकडे नको. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. बाजारपेठेतली तळमजल्यावरची दुकानं बुडाली, आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी आलं. मुख्य ऑफिस कृष्णा-कोयनेच्या पट्ट्यात असेल तर दुसरी प्रत विटा, आटपाडी, दहिवडी, वडूज अशा, या नद्यांचं पाणी पोहोचत नाही त्या बाजूला ठेवावी. फायबरचं कनेक्शन आणि एक यूपीएस असलेली भावाची खोलीही चालते. पहिली मोठी प्रत इथेच भरून गाडीतून न्यावी, मग रोजचा फरक तेवढा नेटवरून जातो. मुख्य डबाही टेबलाखाली जमिनीवर नको, वरच्या मजल्यावर किंवा निदान डोक्याच्या उंचीवर हवा.

डिस्क घेताना

डबा एकदाच घेतला जातो, डिस्क पुन्हा पुन्हा. फसगत जास्त होते ती इथे. साध्या पीसीची डिस्क नॅसमध्ये घालू नये. सीगेटची आयर्नवुल्फ, वेस्टर्न डिजिटलची रेड प्लस अशा नॅससाठीच्या मालिका आहेत. (या कंपनीचं 'रेड' म्हणजे लाल लेबल. वरच्या रेड-५ शी त्याचा संबंध नाही, पण दुकानात दोन्हींचा गोंधळ होतो.) लाल लेबल पाहूनही थांबू नये. एप्रिल २०२० मध्ये उघड झालं की साध्या रेड मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर पद्धतीच्या होत्या. या पद्धतीत माहितीच्या ओळी कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात, त्यामुळे पुन्हा लिहिताना वेळ लागतो आणि रेड भरून काढताना डिस्क अडखळते. नॅसला सीएमआर पद्धतीचीच डिस्क हवी. मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या तक्त्यात पाहावं.

जानेवारी २०२५ मध्ये युरोपात वापरलेल्या सीगेट डिस्क नव्या म्हणून विकल्याची प्रकरणं बाहेर आली. आतले तासांचे आकडेही शून्य केलेले होते. त्यामुळे जीएसटी बिलावर सीरियल नंबर लिहून घ्यावा आणि पैसे देण्याआधी तो कंपनीच्या वॉरंटी पानावर टाकून पाहावा. भारताची वॉरंटी दिसली नाही तर डिस्क परत. आयर्नवुल्फ आणि रेड प्लसला तीन वर्षं, प्रो मालिकांना पाच वर्षं वॉरंटी असते. वॉरंटीत नवी डिस्क मिळते, डेटा मिळत नाही.

डबा कुठल्या कंपनीच्या डिस्क घेतो हेही विचारावं. सिनॉलॉजीने २०२५ च्या प्लस मॉडेलांत बाहेरच्या डिस्कना अटकाव केला होता. गिऱ्हाइकं नाराज झाली आणि ऑक्टोबर २०२५ च्या डीएसएम ७.३ मध्ये तो मागे घेतला गेला. म्हणजे आज चालतंय ते उद्या कंपनी बदलू शकते. घेण्याच्या दिवशीची सुसंगत डिस्कची यादी पाहूनच घ्यावं.

वीज, ऊन आणि वायर

इन्व्हर्टर आहे म्हणून यूपीएस नको, हा समज इथे सरसकट आहे. बॅटरी संपत आल्याचं इन्व्हर्टर नॅसला सांगत नाही. लाईट चार तास गेली की डबा लिहिता लिहिता बंद पडतो. यूएसबी केबलने नॅसला जोडता येणारा यूपीएस घ्यावा, म्हणजे बॅटरी उतरली की डबा स्वतःहून नीट बंद होतो. चार-खणी डब्याला साधारण ४० वॉट लागतात, त्यामुळे यूपीएस लहान चालतो. वर्षाचे सुमारे ३५० युनिट होतात.

वळवाच्या विजांचा फटका नुसत्या लाईटच्या वायरीतून येत नाही, गच्चीवरच्या कॅमेऱ्याच्या किंवा इंटरनेटच्या लॅन केबलमधूनही येतो. अर्थिंग तपासून घ्यावं. बहुतेक डब्यांना खोलीचं तापमान ४० अंशांपर्यंत चालतं, पण पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात ते त्याहून वर जातं. महामार्गाच्या सहापदरीकरणाच्या कामात रस्त्याकडेच्या ऑफिसांत उडणारी धूळ वेगळीच. पंख्याची जाळी दर महिन्याला ब्रशने साफ करावी.

वेग कमी वाटला तर दोष डब्याला देण्याआधी स्विच पाहावा. गिगाबिट लॅनवर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मिळतात, म्हणजे एक टेराबाइट हलायला अडीच तास. चार जण एकदम फोर-के व्हिडिओ एडिट करत असतील तर २.५ गिगाबिटचा पोर्ट असलेला डबा आणि तसाच स्विच लागेल. हिशोबाच्या कामाला त्याची गरज नाही.

बाहेरून कुणी आत येऊ नये म्हणून

घरून फाईल उघडता यावी म्हणून बसवणारा राउटरमध्ये पोर्ट उघडून देतो. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने असेच इंटरनेटला उघडे असलेले क्यूनॅपचे डबे शोधून फायली कुलूपबंद केल्या आणि प्रत्येकाकडे ०.०३ बिटकॉइन मागितले. लहानांच्या वाटेला कोण जाणार, हे खरं नाही. ते डबे छोट्या ऑफिसांतले आणि घरांतलेच होते. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या सेवा देणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअर हल्ला झाला तेव्हा देशातल्या सुमारे ३०० लहान बँकांचे व्यवहार अडकले. त्यात सहकारी आणि ग्रामीण बँका होत्या.

पोर्ट उघडू नये, व्हीपीएन वापरावं. 'अ‍ॅडमिन' नावाचं खातं बंद करावं, ओटीपीसारखी दुसरी पायरी चालू करावी. स्नॅपशॉट ही सोय चालू ठेवावी. फायली बिघडल्या तरी कालच्या अवस्थेत परत जाता येतं. दुसऱ्या गावातल्या डब्याचा पासवर्ड वेगळा आणि तो ऑफिसच्या पीसीत सेव्ह केलेला नसावा. हल्ला झालाच तर १९३० वर कळवावं. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी अशी घटना सहा तासांत कळवायची असते.

कायदा काय म्हणतो

शेतकरी उत्पादक कंपनी ही कंपनी कायद्याखालीच येते, हे संचालकांच्याही लक्षात नसतं. त्या कायद्याच्या कलम १२८ नुसार हिशोबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं ठेवावी लागतात. पुस्तकं कॉम्प्युटरवर असतील तर त्यांचा बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर ठेवायचा असतो. २०२२ च्या दुरुस्तीपासून तो रोज घ्यायचा असतो. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने. पतसंस्थांना सहकार कायदा लागू, त्यांनी आपल्या लेखापरीक्षकाला विचारावं.

डबा बसवल्यावर पूर्ण पैसे देण्याआधी बसवणाऱ्यासमोर दोन गोष्टी करून पाहाव्यात. चालू डब्यातून एक डिस्क बाहेर ओढावी : भोंगा वाजतो का, मालकाच्या मोबाईलवर सूचना येते का, फायली उघडतात का, आणि डिस्क परत घातल्यावर डबा ती भरून काढतो का. मग एक फोल्डर पुसून ते दुसऱ्या गावच्या प्रतीतून परत आणायला सांगावं. हे दोन्ही डबा रिकामा असताना, नमुन्याच्या फायलींवरच करावं. त्याच मापाची एक जास्तीची डिस्क पहिल्याच बिलात घेऊन कपाटात ठेवावी. रविवारी डिस्क गेली तर पुण्याहून पार्सल यायची वाट पाहावी लागत नाही.